अडीच वाजता कानात बोलणारी बाई

वाचकाचं पत्र

मला भयकथा ऐकायचं वेड आहे. वाचायचं नाही, बघायचं नाही, ऐकायचंच. वर्षभरापूर्वी एका मैत्रिणीने एक मालिका ऐकवली आणि तेव्हापासून रोज रात्री घरात निजानीज झाली की पावणेअकराच्या सुमाराला मी दिवा मालवते, एका कानात इअरबड घालते आणि गोष्ट लावते. दुसरा कान घरासाठी मोकळा ठेवते, कारण मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि नवऱ्याची आठवड्यातून चार दिवस रात्रपाळी असते. गोष्ट संपायच्या आत मला झोप लागते. शेवट असे फारसे ऐकलेलेच नाहीत.

गेले दोन महिने मात्र भलतंच सुरू झालंय. रात्री अडीच-पावणेतीनला कुणीतरी बाई माझ्या कानात काहीतरी बोलते आणि मी दचकून उठते. शब्द कळत नाहीत. उठून बसते तर सगळं शांत. इअरबड कानातच असतो, पण त्यातून काही ऐकू येत नसतं. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा तरी होतं. मग तास-दीड तास डोळ्याला डोळा लागत नाही. पॅसेजमधला दिवा आता रात्रभर चालू असतो. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, 'भुताचा सिनेमा बघताना तू खिदळतेस, मग नुसत्या आवाजाला काय घाबरायचं?' त्यात मुलाने हट्ट धरलाय, मलाही ऐकायचंय.

माझ्या डोक्यात काही बिघाड तर नाही ना? हे ऐकणं सोडावं लागेल का? खरं सांगते, सोडवत नाही.

एका कानाने ऐकणारी

उत्तर

आधी त्या बाईंचा सोक्षमोक्ष लावू, बाकीचं मग.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना माझ्याही अंगावर काटा आला. घरात एकटीच होते आणि बाहेर अंधारून आलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र 'त्यातून काही ऐकू येत नसतं' या ओळीशी अडखळले. गोष्ट लावून तुम्ही झोपी जाता. मग ती बंद कोण करतं? टायमर लावत असल्याचं तुम्ही कुठेच म्हटलेलं नाही. म्हणजे एक गोष्ट संपते, पुढची आपोआप सुरू होते, मग तिसरी, मग चौथी. ऑटोप्ले आपण होऊन बंद केलं नाही, तर पुष्कळशी अ‍ॅप असंच करतात. तुम्ही गाढ झोपलेल्या असता आणि तुमच्या कानात एकामागून एक मुडदे पडत असतात.

मग मी कागद घेतला. पावणेअकराला सुरुवात. इअरबडची इवलीशी बॅटरी साधारण चार ते सहा तास पुरते, आणि वापरून वापरून ती आटत जाते. तुमचा इअरबड निदान वर्षभर रोज राबतोय, तेव्हा चार तास धरू. पावणेअकरात चार मिळवले की पावणेतीन. आता बॅटरी संपत आल्यावर इअरबड काय करतो? काही नुसतेच 'टुंऽग' करतात. पण बरेचसे बोलतात. बाईच्या आवाजात, इंग्रजीत, दोन शब्द: 'बॅटरी लो'. आणि अगदी शेवटी 'पॉवर ऑफ' म्हणून गप्प होतात. इअरबडची जोडणी तुटली की फोनही सहसा गोष्ट थांबवतो. त्यामुळे तुम्ही उठून बसता तोवर सगळं शांत!

दोन महिन्यांपूर्वी असं का होत नव्हतं, याचाही उलगडा यातून होतो. तेव्हा बॅटरी जास्त तास टिकत होती. बाई पहाटे बोलत असणार, तुमच्या उठण्याच्या वेळेला, आणि सकाळच्या धांदलीत तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नसणार. ज्या रात्री ती बोलत नाही, त्या रात्री इअरबड कानातून निसटून उशीखाली गेलेला असेल.

माझं बरोबर आहे की नाही, ते तुम्हाला उद्याच कळेल. आज रात्री जाग आली की अ‍ॅप उघडून बघा. तुम्ही न लावलेली, नावही न ऐकलेली पाचवी-सहावी गोष्ट मध्येच थांबलेली दिसली तर समजा चोर सापडला. याहून पक्की खूण हवी असेल तर सुट्टीच्या दिवशी इअरबड पूर्ण चार्ज करून सकाळी कानात घाला, काहीही लावून ठेवा आणि घरातली कामं करत राहा. घड्याळ बघून ठेवा. तो संपतो तेव्हा काय बोलतो ते लख्ख उजेडात, जागेपणी ऐका. 'हीच ती' असं वाटून तुम्हाला हसू आलं, तर माझ्यापर्यंत ते पोचलं असं समजेन.

इअरबड कानात नसतानाही अशी हाक ऐकू आली, तरी लगेच हादरून जाऊ नका. झोप लागताना आणि मोडताना पुष्कळ धडधाकट माणसांना कुणीतरी नावाने हाक मारल्याचा, दार वाजल्याचा भास होतो. मेंदू अर्धा झोपेत असतो आणि अर्धा कामावर रुजू झालेला असतो, त्या सांध्यावरचा हा खेळ. पण दिवसाढवळ्या, पूर्ण जागेपणी, कानात काही नसताना आवाज येऊ लागले, किंवा ते आवाज 'हे कर, ते कर' म्हणू लागले, तर या सदराला पत्र लिहीत बसू नका. सरळ डॉक्टरांकडे जा. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

कान झोपत नाही, हे मात्र यानिमित्ताने लक्षात ठेवायला हवं. डोळ्याला पापणी असते, कानाला काही नसते. १९६० साली झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात झोपलेल्या माणसांना नावांची लांबलचक यादी ऐकवली होती. परक्या नावांपेक्षा स्वतःच्या नावाला त्यांच्या मेंदूने आणि हातांनी जास्त प्रतिसाद दिला, तोही झोपेतच. म्हणजे झोपेतही आत कुणीतरी पहारा देत असतं आणि आवाज चाळत असतं: हा महत्त्वाचा, हा नाही. त्या पहारेकऱ्याला तुम्ही चार-चार तास किंकाळ्या, करकरणारी दारं आणि दबक्या आवाजातली विनवणी ऐकवता. मग तिथेच, त्याच कानात, अचानक एक अनोळखी बाई बोलते. तो तुम्हाला उठवणार नाही तर काय करील?

आता तुमच्या नवऱ्याचा प्रश्न. 'नुसता आवाज' म्हणे.

पडद्यावरचं भूत कुणीतरी बनवलेलं असतं. त्याच्या मेकअपला तुम्ही हसू शकता, कारण तो समोर दिसतो. आवाजातलं भूत तुम्हाला स्वतःलाच बनवावं लागतं, आणि मालमसाला तुमच्याच घरातला असतो. निवेदक म्हणतो, 'जिन्याच्या तोंडाशी कुणीतरी उभं होतं.' तो जिना कुठला? तुम्ही लहानपणी चढायला घाबरत होता तोच. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण भयकथा ऐकणाऱ्यांसाठीच केली असावी. लेखकाला तुमची भीती ठाऊक नसते. तो फक्त रिकामी जागा सोडतो, ती भरायला तुम्ही धावता.

हवं तर नवऱ्याला हेही ऐकवा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी १०२ जणांना कथांमधले काही प्रसंग ऐकवले आणि काही पडद्यावर दाखवले. २०२० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कशात जास्त गुंतलात असं विचारल्यावर लोक म्हणाले, व्हिडिओत. पण त्यांच्या अंगावर लावलेली यंत्रं वेगळं सांगत होती: ऐकताना हृदयाचे ठोके जास्त, त्वचेचं तापमानही जास्त. ऐकायची पुस्तकं विकणाऱ्या कंपनीचा त्या अभ्यासात हात होता, तेव्हा थोडं हातचं राखूनच वाचा. तरीही तोंड एक बोलतं आणि शरीर दुसरंच, हे मला माझ्यावरून पटतं.

ही अंधाराची युक्ती रेडिओवाल्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. खास रेडिओसाठी लिहिलेलं पहिलं नाटक म्हणून ज्याचं नाव घेतात, ते बीबीसीने १५ जानेवारी १९२४ रोजी सादर केलं. रिचर्ड ह्यूज या तरुण लेखकाने ते लिहिलं होतं. घडतं कुठे, तर कोळशाच्या खाणीत, दिवे गेल्यावर. पात्रांनाही दिसत नाही आणि ऐकणाऱ्यालाही. एका फटक्यात दोघं एकाच अंधारात! शंभर वर्षं झाली, नभोनाट्याचं पॉडकास्ट झालं, पण याहून चलाख सुरुवात मला तरी माहीत नाही.

आणि तुम्ही? तुम्ही तर यावर कडी केलीत. एकच कान!

तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. आवाज कुठल्या बाजूने आला हे आपल्याला कळतं ते मुख्यतः दोन कानांच्या हिशेबावरून. डावीकडचा आवाज डाव्या कानात आधी आणि किंचित मोठा पोचतो, उजव्यात जरा नंतर. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, पण मेंदू तेवढ्यावर दिशा सांगतो. एक कान बुजवला की हा हिशेब कोलमडतो. घरातला प्रत्येक आवाज ऐकू येतो, पण कुठून आला ते नेमकं कळत नाही. वस्तू तडकली ती स्वयंपाकघरात की पलंगाखाली? पंख्याची कुरकुर डोक्यावरची की दाराबाहेरची? शिवाय तुमच्या उजव्या कानात कुणीतरी दबक्या पावलांनी चाललेलं असतं आणि डाव्या कानात तुमचं स्वतःचं घर असतं. मेंदू बिचारा दोन्ही एकत्र कालवतो. गोष्टीतली पावलं तुमच्या पॅसेजमध्ये वाजायला लागतात. तुम्हाला घराची सोबत व्हावी म्हणून ठेवलेला मोकळा कानच घराला भुताटकीचं करून ठेवतो. चाहूल हा शब्द आपल्याकडे आहे तो याचसाठी. चाहूल म्हणजे ज्याचा धनी दिसत नाही असा आवाज.

त्यात कुजबुज. गोष्ट सांगणारा माइकला ओठ लावून बोलतो आणि हेडफोनमधून तो आवाज खोलीतून न येता डोक्याच्या आतून आल्यासारखा वाटतो. खऱ्या आयुष्यात आपल्या कानाशी इतक्या जवळ येऊन कोण कुजबुजतं? लेक, नवरा, एखादी जिवाची मैत्रीण. शरीराला जवळिकीची हीच खूण माहीत. तीच खूण वापरून कुणी परकं माणूस प्रेताचं वर्णन करायला लागलं, तर अंग आक्रसणारच. काही मालिका तर माणसाच्या डोक्याच्या आकाराच्या पुतळ्याच्या दोन्ही कानांत माइक बसवून ध्वनिमुद्रण करतात. त्या दोन्ही कानांनी ऐकल्या तर कुणीतरी तुमच्या पाठीमागून फेरी मारून गेल्याचा भास होतो. कारागिरी अस्सल असते. झोपताना मात्र नको.

तर तुम्ही वेड्या नाही आणि भित्र्याही नाही. पण मला दिसतो तो आजार बाईंचा नाही, भयकथांचाही नाही. तो अर्धवट ऐकण्याचा आहे.

कुठलीही बरी भयकथा आधी एक एक गाठ मारत जाते आणि शेवटी सोडवते. खुनी सापडतो, किंवा भूत का भटकतंय ते कळतं, किंवा नायिका मरते. काहीही होवो, काहीतरी होतं आणि श्वास सुटतो. तुम्ही वर्षभर रोज फक्त पहिला भाग ऐकत आला आहात. दार हळूहळू उघडायला लागतं आणि तुम्ही झोपता. दार उघडंच राहतं. अशी किती दारं तुमच्या डोक्यात उघडी पडली असतील, मोजा. आठवड्याला पाच धरली तरी वर्षाची अडीचशे. पॅसेजमधला दिवा बंद करायला तुमचा हात धजत नाही, यात नवल कसलं?

अर्धवट ऐकण्याने काय होतं याचा जगातला सगळ्यांत गाजलेला दाखला रेडिओचाच आहे. ३० ऑक्टोबर १९३८च्या रात्री अमेरिकेत ऑर्सन वेल्स या नट-दिग्दर्शकाने मंगळावरून पृथ्वीवर झालेल्या हल्ल्याची गोष्ट बातमीपत्राच्या ढंगात सादर केली. सुरुवातीलाच हे नाटक असल्याचं सांगितलं होतं. पण बरेच जण दुसरा कार्यक्रम ऐकत होते आणि मधूनच इकडे वळले. घाबरले ते मुख्यतः यांच्यातले. (सगळा देश रस्त्यावर पळत सुटला वगैरे ऐकलं असेल तर ते विसरा, ती वर्तमानपत्रांनी फुगवलेली हकीकत आहे.) त्यांची सुरुवात हुकली होती, तुमचा शेवट हुकतो, एवढाच फरक.

म्हणून पहिलं काम, या शनिवार-रविवारी: ज्या तीन-चार गोष्टी अजून मनात घोळताहेत, त्यांचे शेवट ऐका. सकाळी, खिडक्या उघड्या, हातात काहीतरी काम, कपड्यांच्या घड्या घालत असलात तर उत्तमच. झोप लागली त्याच्या पाच मिनिटं आधीपासून सुरू करा. ऑटोप्लेमुळे अ‍ॅप त्या गोष्टी 'ऐकून झाल्या' असं दाखवेल, त्यावर जाऊ नका, अ‍ॅप तुमच्या कानाबद्दल खोटं बोलतंय. मी सांगते, निम्म्या गोष्टींचे शेवट ऐकून तुम्ही 'हॅट्, एवढंच?' म्हणाल. भयकथांचे शेवट बहुधा सुरुवातीपेक्षा फिकेच असतात. लेखकांची ती नामुष्की तुमचं औषध आहे.

यापुढे ऐकायचं ते बसून, जागेपणी आणि अथपासून इतिपर्यंत. पाऊण तासाची गोष्ट असेल तर नऊला लावा. पलंगावर नको, खुर्चीत. इअरबडऐवजी फोनचा किंवा एखादा छोटा स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात ठेवा. मग आवाज त्या कोपऱ्यातून येईल आणि गोष्टही त्या कोपऱ्यातच राहील. मजा थोडी कमी होईल, कबूल. पण मुलाकडे दोन्ही कान मोकळे राहतील. संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं काहीतरी अगदी सपक करा, उद्याच्या कामांची यादी वगैरे, आणि मग झोपा. डोळे मिटायला लागले तर टायमरवर विसंबू नका. टायमर दहा मिनिटांनी जिथे कापेल ती नेमकी चुकीची जागा असते. स्वतः उठून थांबवा आणि उरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी उजेडात पुरी करा. ऑटोप्ले आजच बंद करा. हे एवढं एक केलंत तरी निम्मं काम होईल.

आणि झोपायला आवाज लागतोच असं असेल (मला लागतो), तर ज्याला शेवट नाही असं काहीतरी लावा. पावसाचा आवाज, किंवा एखाद्या विषयावरचं इतकं संथ भाषण की त्यात पुढे काय होणार याची कुणालाच पर्वा नसावी.

आवाजाच्या पातळीबद्दल दोन वाक्यं. कुजबुज नीट ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो आणि पुढच्या क्षणाला किंकाळी येते. म्हणून पातळी ठरवायची ती मोठ्यात मोठ्या आवाजावरून, कुजबुजीचे दोन शब्द निसटले तर निसटू द्यात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. तुम्ही रात्री चार तास या हिशेबाने आठवड्याचे अठ्ठावीस तास झोपेतच खर्च करताय.

जाता जाता एक वैयक्तिक मत. घाबरवणं आणि दचकवणं यांत फरक आहे. मोठा, अचानक आवाज झाला की कुणीही दचकतो, तान्हं बाळही. ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मेंदूला विचार करायला वेळ मिळायच्या आत पापण्या मिटलेल्या असतात. ज्या मालिका दर तीन मिनिटांनी ढोल बडवतात आणि किंचाळतात, त्या तुमच्याकडून फक्त ती प्रतिक्षिप्त क्रिया वसूल करतात. त्यात कथा नसते. मी त्या ऐकत नाही. मला आवडतात त्या गोष्टी, ज्यांत एक माणूस बोलत असतो, मागे घड्याळ टिकटिकत असतं आणि मध्येच लक्षात येतं की टिकटिक कधीच थांबली आहे.

आता चिरंजीव.

अकरा वर्षांचं पोर 'मलाही' म्हणतंय तर 'अजिबात नाही' म्हणून फायदा नाही, ते मित्राच्या फोनवर ऐकेल, तेही हेडफोन लावून, तेही तुमच्यावाचून. त्यापेक्षा तुमच्याबरोबर ऐकू द्या. दुपारी, स्पीकरवर, आणि थांबवायचं बटण त्याच्या हातात. शेवटचं फार महत्त्वाचं. डेन्मार्कच्या ऑऱ्हूस विद्यापीठातल्या संशोधकांनी करमणुकीसाठी उभारलेल्या भुताटकीच्या घरात शिरणाऱ्या ११० जणांचे ठोके मोजले होते. निष्कर्ष असा की भीती फार कमी पडली तर मजा येत नाही आणि फार झाली तरी येत नाही, मधली एक जागा असते. तुमच्या मुलाची मधली जागा तुम्हाला माहीत नाही, त्यालाच माहीत आहे. म्हणून बटण त्याच्याकडे. गोष्ट आधी तुम्ही एकटीने पुरी ऐकलेली असावी. (शेवटासकट!)

आणि एक खेळ खेळा. शिकागोहून १९३४ साली 'लाइट्स आउट' नावाची भयकथांची मालिका मध्यरात्री सुरू झाली. तिच्यात मुंडकं उडवल्याचा आवाज काढायला कोबीचा गड्डा सुऱ्याने छाटत असत. मी हे माझ्या दहा वर्षांच्या भाचीला सांगितलं आणि आम्ही दोघींनी सबंध रविवार त्यात घालवला. फोनचं रेकॉर्डर टेबलावर, शेजारी कोबी. पहिला वार फसला, नुसताच 'खच्' झाला, भाजी चिरल्यासारखा. मग तिने फोन गड्ड्याला अगदी टेकवून ठेवला, मी सुरी जोरात मारली आणि अर्धा गड्डा टेबलावरून खाली पडला, गडगडत गेला. ते गडगडणं रेकॉर्ड झालं. हेडफोन लावून ऐकलं तेव्हा आम्ही दोघीही एकमेकींकडे बघत राहिलो. ते मुंडकंच होतं, दुसरं काही असणं शक्यच नव्हतं. काकडी मोडून बोट मोडलं, ओला रबरी हातमोजा पिरगळून जे केलं ते इथे लिहीत नाही. त्यानंतर कुठलीही भयकथा लावली की भाची मान तिरकी करून ऐकते आणि शांतपणे सांगते, 'मावशी, हा मोजा आहे.'

रात्री झोपताना खोलीचं दार मात्र लावून घ्यायला सांगते अजून. मी लावते.

पॅसेजमधल्या दिव्याचंही तसंच. तो विझवायची घाई करू नका, वाटेल तेवढे दिवस जळू द्या. नवऱ्याला वाद घालून पटवायच्या भानगडीतही पडू नका. त्याच्या सुट्टीच्या रात्री दोन्ही इअरबड त्याच्या दोन्ही कानांत घाला, दिवा मालवा, एखादी चांगली, हळू पेटणारी गोष्ट लावा आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. वीस मिनिटांनी तो पाणी प्यायला उठेल.

इअरबडची चाचणी झाली की त्या बाई नेमक्या काय म्हणाल्या, ते मला नक्की कळवा. मी 'बॅटरी लो' नाही, 'पॉवर ऑफ'वर पैज लावली आहे.